दाढेचे दुखणे, नाकाचा रोग

इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट परगण्यात शेरबोर्न नावाचे एक जुने गाव आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास तेथे नॅथॅनियल हायमोर नावाचे एक वैद्य व्यवसाय करीत असत. ते ऑक्सफर्डला शिकलेले, आणि रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वे यांचे स्नेही. १६५१ साली त्यांनी हेग येथे शरीररचनेवरील आपला लॅटिन ग्रंथ छापविला व तो हार्वे यांनाच अर्पण केला. या ग्रंथात चेहऱ्याच्या हाडांचे वर्णन करता करता हायमोर मध्येच थांबतात आणि आपल्याकडे आलेल्या एका स्त्रीची हकीकत सांगू लागतात. शास्त्रीय ग्रंथात अशी हकीकत आली म्हणजे ती लेखकाच्या मनात किती घर करून बसली असली पाहिजे, याची कल्पना येते.

ती बाई वर्षानुवर्षे दातांच्या दुखण्याने त्रासलेली होती. एकामागून एक असे बरेच दात तिने उपटून घेतले होते. शेवटी वरचा एक सुळा काढला, तेव्हा त्याच्या खोबणीवरचा हाडाचा पातळ पापुद्राही बरोबर निघून आला आणि त्या भोकातून एकसारखे पाणी वाहू लागले. हे पाणी येते तरी कोठून, हे पाहावे म्हणून तिने चांदीची एक बारीक सळई भोकात घातली. ती डोळ्याच्या दिशेने सुमारे दोन इंच सरळ आत गेली. बाई घाबरली खरी, पण तिची जिज्ञासा भीतीहून मोठी असावी. तिने पक्ष्याचे एक पीस घेतले, त्याचे तंतू काढून टाकून नुसती काडी तेवढी ठेवली आणि ती आत सारली. तीही जवळजवळ सगळीच्या सगळी आत गेली. आता मात्र आपण मेंदूपर्यंत जाऊन पोचलो अशी तिची खात्री झाली आणि भेदरलेल्या अवस्थेत तिने हायमोरांचा सल्ला घेतला. हायमोरांनी नीट तपासून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. पीस मेंदूकडे गेलेच नव्हते. गालाच्या हाडात जी एक पोकळी असते, तीत ते स्वतःभोवती वेटोळे घालून बसले होते.

पुढे युरोपभर ही पोकळी ‘हायमोरचे विवर’ या नावाने ओळखली जाऊ लागली. रशियन भाषेत तर या विवराच्या दाहाला आजही त्यांच्याच नावावरून ‘गायमोरित’ म्हणतात. आपल्याकडे ‘मला सायनस झाला आहे’ असे सर्रास म्हटले जाते. वास्तविक सायनस हा रोग नव्हे. ती प्रत्येकाला असणारी हाडातील पोकळी होय. तिला सूज आली, तीत पू साचला, म्हणजे तो रोग. नाकाच्या दोन्ही बाजूंस, डोळ्याच्या खोबणीखाली आणि वरच्या दाढांच्या वर, अशी एकेक पोकळी असते. प्रौढ माणसाच्या या पोकळीत साधारणपणे १५ घन सेंटिमीटर, म्हणजे चहाचे तीन चमचे पाणी मावेल. तिचे नाकात उघडणारे दार मात्र तळाशी नसून वर, छताजवळ असते. घागरीतले पाणी तोंडाशी आल्याशिवाय बाहेर पडत नाही, तसाच हा प्रकार. निरोगी अवस्थेत आतल्या अस्तरावरील सूक्ष्म रोमे तेथील ओलावा हळूहळू वर लोटीत दारापर्यंत नेतात. अस्तर सुजले की हे काम बंद पडते आणि घाण तळाशी साचते.

आणि तळाशी असतात दाढांची मुळे. हायमोरांनी दातांच्या खोबण्या आणि हे विवर यांमधील हाडाच्या जाडीची तुलना सामान बांधावयाच्या कागदाशी केली आहे. काही माणसांत हे हाड मुळांच्या टोकांवर नावापुरतेही उरत नाही. विवराच्या फरशीवर मुळांचे उंचवटे उठून दिसतात, आणि मूळ व पोकळी यांच्यामध्ये केवळ अस्तर असते. पहिली व दुसरी दाढ आणि त्यांच्या पुढची उपदाढ यांची मुळे सर्वांत जवळची. सुळ्याचे मूळ बहुधा बरेच पुढे असते, त्यामुळे हायमोरांच्या त्या रुग्णाईतेची गोष्ट तशी विरळाच म्हणावी लागेल. दाढ किडली, आतला गर मेला आणि मुळाच्या टोकाशी पू झाला, म्हणजे त्या पुवाला बाहेर पडण्यासाठी सर्वांत जवळची वाट कोणती असेल, हे सांगण्यासाठी वैद्याची गरज नाही.

मी स्वतः वैद्य नव्हे. इतिहासाची पदवी घेऊन सरकारी नोकरीत शिरलेला माणूस मी. या विषयाच्या वाटेला गेलो तो माझ्या डाव्या नाकपुडीमुळे. ती दोन वर्षे वाहत होती, आणि त्या काळात मी जे औषध घेतले ते सगळे नाकाचे होते. अखेर अपराधी ठरली ती एक दाढ, आणि तीही अशी की त्या दोन वर्षांत एक दिवस दुखली नव्हती. बरा झाल्यावर मला कुतूहल वाटले ते असे की, दात आणि हे विवर यांचा संबंध १६५१ पासून छापील ग्रंथात असताना तो ओळखण्यास आजही इतका उशीर का लागावा? नोकरीत एक अनुभव आम्हां सर्वांना पाठ असतो. ज्या प्रकरणाशी दोन खात्यांचा संबंध येतो, ते दोन्ही खात्यांकडून ‘या कार्यालयाकडे काही प्रलंबित नाही’ असा शेरा घेऊन परत येते. या रोगाचा इतिहास वाचताना त्या शेऱ्याची मला वारंवार आठवण झाली.

हायमोरांच्याही पूर्वी हे विवर एकाने पाहिले होते. लिओनार्दो दा विंचीने १४८९ साली मानवी कवटी मधोमध चिरून तिची जी चित्रे काढली, त्यांत गालाच्या हाडातील ही पोकळी स्वच्छ दिसते, आणि तिच्यातील रसावर दातांच्या मुळांचे पोषण होत असावे असा तर्कही त्याने शेजारी टिपून ठेवला आहे. तर्क चुकला होता, पण दात आणि पोकळी यांना एकत्र पाहण्याची दृष्टी बरोबर होती. ही चित्रे शेकडो वर्षे अप्रकाशित राहिली. त्यांचा वैद्यकाला उपयोग झाला नाही, आणि नाव हायमोरांचे लागले.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत नाकाच्या एकतीस रोगांची गणना आहे. त्यांत नाकातून दुर्गंधी येणारा पूतिनस्य आहे, तसाच पूयरक्तही आहे. दातांच्या रोगांत दंतनाडी, म्हणजे दाताच्या मुळाशी होणारा वाहता व्रण, याचे वेगळे विवेचन आहे. ज्या दाताशी अशी नाडी झाली असेल तो दात मुळासकट काढून जागा शुद्ध करावी, हयगय केल्यास नाडी जबड्याचे हाड फोडून पुढे जाते, असे सुश्रुत सांगतो. मात्र त्याने येथे एक अपवाद केला आहे. दात वरचा असेल तर तो काढू नये, हलत असला तरी काढू नये, कारण अतिरक्तस्रावाने माणूस एका डोळ्याने आंधळा होतो किंवा त्याचे तोंड वाकडे होते. वरच्या दाताविषयीची ही धास्ती वाचून, सुश्रुताला या विवराचा पत्ता होता असे म्हणण्याचा मोह एखाद्याला होईल. मला तो मोह रास्त वाटत नाही. ग्रंथात त्या पोकळीचा निर्देश नाही, आणि जे लिहिलेले नाही ते पूर्वजांच्या पदरात टाकल्याने त्यांची थोरवी वाढत नाही. एवढे मात्र निश्चित की, वरचा दात आणि खालचा दात यांत धोक्याच्या दृष्टीने फरक आहे, हे अनुभवाने त्याने जाणले होते.

हायमोरांनी पोकळीचे वर्णन केले. तिच्यातील पुवाचे काय करावयाचे, हा प्रश्न पुढच्या पिढीकडे आला. लंडनचे शल्यवैद्य विल्यम कौपर यांनी त्यावर सरळ उपाय योजला. पहिली दाढ काढावयाची, तिच्या रिकाम्या खोबणीतून टोचणी वर ढकलून विवराचा तळ फोडावयाचा, आणि त्या वाटेने पू खाली उतरवून आत पिचकारीने औषधी पाणी मारावयाचे. १७०७ साली निघालेल्या जेम्स ड्रेक यांच्या शरीररचनेच्या ग्रंथात ही कृती आली आणि पुढे दीडशे वर्षे ती ‘कौपरची शस्त्रक्रिया’ म्हणून चालत राहिली. हे कौपर तसे वादग्रस्त गृहस्थ. हॉलंडमधील बिडलू यांच्या शरीरचित्रांचे छापील ताव विकत घेऊन त्यांवर त्यांनी १६९८ साली स्वतःच्या नावाचा ग्रंथ काढला होता, आणि त्यावरून मोठे रण माजले होते. पण दाढेच्या खोबणीतून वर जाण्याची त्यांची वाट शरीररचनेला धरून होती. तळाशी साचलेले तळातूनच काढावे, हे कोणालाही पटण्यासारखे आहे. शिवाय ती दाढच रोगाचे मूळ असेल, तर मूळ आणि पू दोन्ही एकदमच निघत. कौपरांच्या पद्धतीचे जे रुग्ण खरोखर बरे झाले, त्यांत अशांचा भरणा मोठा असावा असे मला वाटते. दाढ निर्दोष असेल तर मात्र माणूस एका चांगल्या दाताला मुकत असे, आणि तोंडातून विवरात जाणारे कायमचे भोक पदरी घेऊन घरी जात असे. त्या भोकात बोळा बसवून जेवावे लागे, नाही तर पाण्याचा घोट नाकातून बाहेर येई.

फ्रान्समध्ये जूर्दां नावाच्या एका दंतवैद्याने १७६० नंतरच्या दशकात वेगळीच कल्पना मांडली. विवराला नाकात उघडणारे नैसर्गिक दार आहेच, तर हाड फोडण्याऐवजी त्या दारातूनच बारीक नळी घालून आत का धुऊ नये? पॅरिसच्या राजकीय शल्यविद्या परिषदेने तिच्याविषयी प्रतिकूल मत दिले. त्या काळी नाकात प्रकाश पाडून पाहण्याचे साधन नव्हते. अंधारात चाचपडत ते दार सापडणे कठीण, हा आक्षेप खोटा नव्हता. पण शास्त्रज्ञांच्या सभेत एका दात काढणाऱ्याने नाकाविषयी बोलावे, हेही काहींना रुचले नसेल काय? जूर्दांची वाट बरोबर होती हे ठरण्यास दोनशे वर्षे लागली.

इंग्लंडमध्ये जॉन हंटर यांनी दातांवर लिहिलेले दोन ग्रंथ १७७१ व १७७८ साली निघाले. दुसऱ्या ग्रंथात या विवरातील गळवावर स्वतंत्र प्रकरण आहे. हंटर हे शल्यवैद्य, पण दातांना हात लावण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. म्हणूनच त्यांचे विवेचन दोन्ही बाजूंचे आहे. दुखणे दातांतून सुरू होऊ शकते, तसेच नाकाकडचे दार बुजल्यानेही होऊ शकते. वेदना मात्र दातदुखीसारखीच असते, आणि त्या फसवणुकीत चांगले दात बळी पडतात, हे त्यांनी ओळखले होते. दात की नाक, हा प्रश्न हंटरांनी असा मांडून ठेवला होता. एकच वैद्य दोन्हीकडे पाहत राहिला असता, तर पुढचा इतिहास निराळा झाला असता.

परंतु एकोणिसाव्या शतकात दोन वैद्य झाले. १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे दंतशल्याचे जगातले पहिले महाविद्यालय निघाले. इंग्लंडमध्ये १८७८ साली दंतवैद्यांचा स्वतंत्र कायदा झाला. आपल्याकडे डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास दंत महाविद्यालय काढले, मुंबईत नायर रुग्णालयाच्या जोडीने १९३३ साली तसेच महाविद्यालय सुरू झाले, आणि १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने या व्यवसायास स्वतःची परिषद व नोंदवही मिळाली. या स्वातंत्र्याने दातांच्या विद्येचे अपार कल्याण झाले यात शंका नाही. जत्रेतल्या दात उपटणाऱ्याच्या हातून ती सुटली ती यामुळेच. पण त्याच सुमारास नाक, कान व घसा यांचे तज्ज्ञही वैद्यकातून वेगळे निघत होते. विवराचा तळ एकाच्या हद्दीत गेला आणि दार दुसऱ्याच्या. शिक्षण वेगळे, रुग्णालय वेगळे, नियतकालिके वेगळी. रोगी तेवढा दोघांचा एकच होता.

१८८० नंतर या दोघांत खरोखरीचा वाद झडला. तोवर गालाच्या विवरातील पू म्हणजे दाढेचाच उपद्रव, असे बहुतेक धरून चालत. १८८२ साली व्हिएन्नाचे शरीररचनाशास्त्रज्ञ एमिल झुकरकांडल यांनी नाकाच्या पोकळ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि नाकातला दोषही विवरात उतरतो ही गोष्ट पुढे आली. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला, आणि दातांचा वाटा पाठ्यपुस्तकांत आकसत आकसत दहा-बारा टक्क्यांवर येऊन स्थिरावला. हा आकडा पुढे इतक्या पुस्तकांनी एकमेकांतून उचलला की तो प्रथम कोणी मोजला, हे विचारण्याचे कोणाला सुचेना.

निदानाची साधने मात्र याच काळात आली, आणि त्यांतले पहिले मोठे मनोवेधक आहे. एडिसनचा विजेचा दिवा नुकताच प्रचारात आला होता. १८८८-८९ च्या सुमारास ब्रेसलाऊचे व्होल्टोलिनी आणि वॉर्साचे हेरिंग यांनी एक लहानसा दिवा रोग्याच्या तोंडात ठेवला, ओठ मिटावयास सांगितले आणि खोलीत काळोख केला. निरोगी माणसाचे दोन्ही गाल आतून तांबडे उजळले, बुबुळेही चमकली. ज्याच्या एका विवरात पू होता, त्याचा तो गाल काळा राहिला. लहानपणी आपण सर्वांनी तळहाताखाली बॅटरी धरून बोटे लाल झालेली पाहिली आहेत. तीच ही युक्ती. तिने एवढे कळे की पोकळी भरलेली आहे. ती कशाने भरली हे मात्र दिवा सांगत नसे.

१८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला, आणि १८९६ च्या जानेवारीत जर्मनीत वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचे क्ष-किरण चित्र घेतले. त्यासाठी पंचवीस मिनिटे निश्चल बसावे लागले होते. १९१५ साली अमेरिकेत वॉटर्स व वाल्ड्रन यांनी हनुवटी वर करून चेहऱ्याचे चित्र घेण्याची पद्धत काढली. तीत गालाची विवरे कवटीच्या जाड हाडाच्या सावलीतून मोकळी दिसतात. पुढची अनेक दशके नाकाच्या डॉक्टरांचा भर या चित्रावर राहिला. आणि येथेच पुन्हा तोच प्रकार झाला. नाकाच्या डॉक्टरांचे चित्र विवर दाखवी, दाढांची मुळे नीट दाखवीत नसे. दंतवैद्याचे चिमुकले चित्र मुळे दाखवी, विवर दाखवीत नसे. वरच्या दाढांची तीन-तीन मुळे सपाट चित्रात एकमेकांवर पडत आणि मुळाशी असलेला पोखरलेला भाग त्यांत लपून जाई. दोन्ही चित्रे एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवली गेल्याचे प्रसंग फारच थोडे.

उपचारांत या काळावर एका शस्त्रक्रियेचे राज्य होते. न्यूयॉर्कचे कॉल्डवेल यांनी १८९३ साली, लंडनचे स्पायसर यांनी १८९४ साली आणि पॅरिसचे ल्यूक यांनी १८९७ साली ती स्वतंत्रपणे मांडली. नाव राहिले कॉल्डवेल आणि ल्यूक यांचे. स्पायसर बिचारे मधल्यामध्ये गळाले. वरचा ओठ उचलून हिरडीच्या वर छेद घ्यावयाचा, हाडात खिडकी पाडावयाची, विवराचे सुजलेले अस्तर सगळे खरवडून काढावयाचे आणि खालच्या बाजूने नाकात नवे भोक ठेवावयाचे, म्हणजे पू आपोआप खाली निथळेल. या शस्त्रक्रियेने असंख्य लोकांना आराम पडला. तथापि काहींचा गाल व वरचा ओठ कायमचा बधिर होई. आणि ज्यांच्या रोगाचे मूळ दाढेत होते व दाढ तशीच ठेवली होती, त्यांच्या विवरात पुन्हा पू भरे. मग तीच शस्त्रक्रिया पुन्हा. मोरीतले पाणी उपसत राहावे आणि फुटलेल्या नळाकडे पाहू नये, असा तो प्रकार होता.

याच्या नेमकी उलट चूक दुसरीकडे घडली. १९१० साली लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी माँट्रियल येथे व्याख्यान देताना सोन्याच्या टोप्यांखाली कुजणाऱ्या दातांवर घणाघाती टीका केली. हे जॉन हंटर नव्हेत, दोघांत शतकाहून अधिक अंतर आहे. टीकेत तथ्य होते, पण तिचा परिणाम विपरीत झाला. सांधे दुखतात, दात काढा. मूत्रपिंड बिघडले, दात काढा. उदास वाटते, तरीही दात काढा. शरीरातील प्रत्येक दुखण्याचे केंद्र दातांत आहे अशी एक साथच पसरली, आणि अमेरिका व इंग्लंडमध्ये धडधाकट माणसांची तोंडे बोळकी झाली. १९४० च्या सुमारास पुरावे तपासून पाहिले, तेव्हा त्यांतील बहुतेक दात विनाकारण गेल्याचे दिसून आले. माझा असा समज आहे की, त्या लाजेपोटी पुढची पिढी दातांना दोष देण्यास कचरू लागली. शंभर निरपराध दात काढल्यावर एकशे एकावा खरोखर अपराधी असला, तरी त्याच्याविरुद्ध बोलण्यास कोणी धजावत नाही.

त्यामुळेच १९४३ साली अमेरिकेत बावर यांनी जे दाखविले, त्याला मिळावा तेवढा मान मिळाला नाही. त्यांनी मृतांचे वरचे जबडे घेऊन त्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि मेलेल्या दाताच्या मुळापासून दाह हाडातून विवराच्या अस्तरापर्यंत कसा पोचतो, हे टप्प्याटप्प्याने दाखविले. त्यासाठी हाडाला भोक पडणेही आवश्यक नव्हते. अस्तर त्या दाताच्या नेमके वरच सुजलेले असे.

त्याच दशकात पेनिसिलिन आले आणि पू म्हणजे गोळी किंवा सुई हे समीकरण झाले. येथे एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. औषध रक्तातून जाते. मेलेल्या दाताच्या आतल्या नलिकेत रक्त नाही. म्हणून औषधाने विवरातले जंतू मरतात, आठवडाभर बरे वाटते, पण दाताच्या आत दडून बसलेले जंतू सुरक्षित राहतात आणि औषध थांबताच खाली ठेवलेले ठाणे सोडून पुन्हा वर चढतात. रोगी म्हणतो, ‘त्या गोळ्यांनी गुण येतो, पण टिकत नाही.’ हे वाक्य ऐकले की आता जाणते डॉक्टर तोंड उघडावयास सांगतात.

दाढ दुखत नाही, याचेही कारण असेच साधे आहे. दातदुखीतील ठणका बहुतांशी कोंडलेल्या पुवाच्या दाबाने होतो. पुवाला वर विवरात वाट मिळाली की दाब राहत नाही आणि ठणका थांबतो. दाढ शांत झाली म्हणून माणूस निश्चिंत होतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकाच नाकपुडीतून घाण वास येऊ लागतो. दोन्ही बाजू चोंदल्या तर सर्दीचा संशय घ्यावा. एकच बाजू, तीही दुर्गंधीसह असेल, तर त्या बाजूच्या दाढांची चौकशी करावी, असे आता सर्वत्र शिकविले जाते.

नाकाच्या बाजूने मोठा पालट झाला तो इंग्लंडचे हॅरॉल्ड हॉप्किन्स यांनी १९६० च्या सुमारास सिद्ध केलेल्या बारीक दुर्बिणीमुळे. तिच्या साहाय्याने ऑस्ट्रियात ग्राझ येथे मेसरक्लिंगर यांनी विवराच्या अस्तराचे वर्तन वर्षानुवर्षे पाहिले. तेथे एक विलक्षण गोष्ट दिसली. विवराच्या तळाशी भले मोठे भोक पाडून ठेवले, तरी सूक्ष्म रोमे ओलावा तेथून सोडीत नाहीत. त्या भोकाला वळसा घालून ती तो वरच्या नैसर्गिक दाराकडेच नेतात. कॉल्डवेल आणि ल्यूक यांच्या खिडकीचा पायाच येथे हलला. १९७८ साली मेसरक्लिंगर यांचा ग्रंथ इंग्रजीत आला, त्यांचे शिष्य स्टामबर्गर आणि अमेरिकेतील केनेडी यांनी १९८५ पासून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा प्रसार केला, आणि जूर्दां ज्या दाराची गोष्ट करीत होते तेच दार अलगद मोकळे करणे हा उपचार ठरला.

दातांच्या बाजूचा पालट संगणकाने केला. हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली लंडनजवळ पहिल्या रोग्याच्या डोक्याचे काप-काप करून चित्र घेतले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस खास जबड्यासाठी शंकूच्या आकाराचा किरणझोत वापरणारे लहान यंत्र निघाले. आता मूळ आणि विवर एकाच चित्रात, हव्या त्या बाजूने दिसू लागले, आणि तो जुना दहा-बारा टक्क्यांचा आकडा डळमळला. स्वीडनमध्ये १९८६ सालीच एका पाहणीत, जुनाट दाहाच्या विवरांपैकी सुमारे ४० टक्के विवरांत कारण दाताचे निघाले होते. ज्यांचा रोग एकाच बाजूला आहे, त्यांच्यात हे प्रमाण मोठे असते, हे नंतरच्या अभ्यासांतही दिसत राहिले. २०१८ साली अमेरिकेतील रूट कॅनाल तज्ज्ञांच्या संघटनेने या रोगाविषयी स्वतंत्र निवेदन काढले. त्याचा आशय थोडक्यात असा की, कारण दाताच्या आत असेल तर उपचार दातापासून सुरू व्हावा. म्हणजे रूट कॅनाल करावे, पूर्वी केलेले सदोष असेल तर पुन्हा करावे, दात वाचण्यासारखा नसेल तर काढावा. विवर त्यानंतरही मोकळे झाले नाही, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया आहेच. दात काढताना विवरात भोक पडले असेल तर ते हिरडीचा पडदा सरकवून शिवावे लागते. डॉक्टर नाक चिमटीत धरून हळूच फुंकावयास सांगतात तेव्हा खोबणीतून बुडबुडे येतात. त्यावरून ते भोक कळते. शेरबोर्नच्या त्या बाईला सळई आणि पीस लागले होते.

नवे उपचार नवी कारणेही घेऊन येतात. हाडात धातूचा दात रोवण्याची विद्या स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी १९६५ पासून रुजविली. वरच्या दाढांच्या जागी हाड उंचीला कमी पडते, म्हणून विवराचे अस्तर उचलून खाली हाडाची भर घालण्याची पद्धतही आली. हे काम निष्णात हातांनी झाले तर उत्तमच. पण रोवलेला दात विवरात निसटून गेल्याची किंवा भर घातलेल्या जागी पू झाल्याची प्रकरणे आता सर्व देशांतील वैद्यकीय नियतकालिकांत येत असतात.

माझ्या स्वतःच्या प्रकरणात एवढे काही घडले नाही. शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती, रजाही मंजूर झाली होती. बदलीमुळे गाव बदलले आणि नवा डॉक्टर गाठावा लागला. त्यांनी नवे चित्र काढावयास सांगितले नाही. दोन वर्षांपूर्वी काढलेल्या स्कॅनची चकती मी फायलीत लावून ठेवली होती, तीच त्यांनी संगणकात घातली आणि बाण खाली खाली नेत शेवटच्या कापावर थांबविला. टोपी घातलेल्या दाढेच्या मुळाशी वाटाण्याएवढी काळी पोकळी होती आणि तिच्यावरचा विवराचा तळ दिसत नव्हता. स्कॅनसोबत आलेला दोन पानांचा छापील अहवाल त्यांनी माझ्याकडे परत दिला. त्यात नाकाच्या पडद्याचा किंचित बाक, सुजलेले अस्तर, बुजलेले दार, सगळे शिस्तीत नोंदलेले होते. दाढेविषयी एक अक्षरही नव्हते. त्यांनी अहवालाच्याच पाठीमागे एका दंतवैद्याच्या नावे दोन ओळी लिहिल्या, आणि चकती विसरू नका म्हणून बजावले.